विसरलेल्या ठेवी बुडालेल्या नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत जुनं पासबुक निघालं. कापसाच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशांतून, त्या गुपचूप थोडे बाजूला टाकत, शेवटची नोंद २००६ ची. शाखेतल्या साहेबांनी "पैसे रिझर्व्ह बँकेकडे गेले, आता काही होणार नाही" म्हणत वाटेला लावलं.

हे अर्धसत्य आहे. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते खरी, पण खातेदाराचा वा वारसाचा हक्क संपत नाही. अर्ज मूळ बँकेतच करायचा. ती आपल्याला पैसे देते आणि मग निधीतून मागून घेते. खातं शोधायला २०२३ पासून 'उद्गम' पोर्टल आहे, तेही फुकट.

खरी दमछाक कागदांची. पासबुकात 'पाटील', मृत्यूच्या दाखल्यावर 'पाटिल'. एका वेलांटीपायी प्रतिज्ञापत्र! वारसांच्या सह्यांसाठी सुरतच्या दिरांकडे पॅसेंजरने जावं लागलं ते वेगळंच.

त्या पैशांतून मी दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. वय एकसष्ट, शाळा सातवीत सुटली होती. इतिहास झकास जमतो, बीजगणित मात्र छळतं. सासूबाई असत्या तर हसल्या असत्या, पण पैसे त्यांनीच दिले असते.

बँकांना एवढीच विनंती, की दाव्याला लागणाऱ्या कागदांची यादी मराठीत दर्शनी भिंतीवर लावा, आणि अहिराणीत विचारणाऱ्या म्हातारीला आधी खुर्ची द्या.

- एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)