बार चार्ट फाईलमधून बाहेर काढा

मा. संपादक साहेब, स. न.

"काम रखडलं", "मुदत संपली", "ठेकेदाराला पुन्हा मुदतवाढ" ह्या बातम्या आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पानावर इतक्या येतात की वाचणाऱ्याला आता त्याचं काही वाटेनासंच झालंय. मी बांधकामाच्या प्लॅनिंगमधे काम करतो, रोज एमएस प्रोजेक्ट नाहीतर प्रायमावेरा ही वेळापत्रकाची सॉफ्टवेअर उघडून बसायचं हाच धंदा, म्हणून बातमीत कधीच न येणारी एक गोष्ट सांगतो. मी पाहिलेल्या बऱ्याच कामांचं शेड्युल, म्हणजे कोणतं काम कधी हे पट्ट्यांनी दाखवणारा बार चार्ट, एकदाच बनलं, टेंडर नाहीतर वर्क ऑर्डरच्या फाईलला लावायला, आणि नंतर त्याला कोणी हात लावला नाही.

ते बनतं कसं तेपण बघा. मुदत १८ महिन्यांची असली की शेवटची तारीख आधी टाकायची आणि मग मागे मागे येत पट्ट्या बसवायच्या, झालं शेड्युल. एमएस प्रोजेक्टमधे २०१० च्या व्हर्जनपासून नवीन टास्क, म्हणजे नवीन काम, आपोआप मॅन्युअलवर (तारीख हाताने टाकलेली) येतो, तो ऑटोवर (तारीख सॉफ्टवेअर काढतं) करून घ्यावा लागतो हेच पुष्कळ पोरांना कॉलेजात कोणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे आधीचं काम महिनाभर लांबलं तरी पुढची पट्टी जागची हलत नाही. कोणी 'मस्ट फिनिश ऑन', म्हणजे याच तारखेला संपलं पाहिजे अशी अट, लावून ठेवतं, मग तर कागदावर काम ३१ मेलाच संपतं, पाया भरलेला नसला तरी! त्यापेक्षा एक्सेलमधे रंग भरले असते तरी चाललं असतं.

या सॉफ्टवेअरच्या पोटातलं गणित काही नवं नाही. क्रिटिकल पाथ मेथड ड्यूपॉन्ट आणि रेमिंग्टन रँडच्या लोकांनी १९५७ च्या सुमारास काढली, पर्ट ही तशीच दुसरी पद्धत, ती १९५८ मधे अमेरिकन नेव्हीच्या पोलारिस मिसाईलच्या कामातून आली. कोणतं काम कोणाच्या मागे आणि किती दिवसाचं, एवढंच सॉफ्टवेअरला सांगता यायला पाहिजे, मग कोणतं काम एक दिवस चुकलं की अख्खं प्रोजेक्ट एक दिवस चुकतं ते तेच काढून देतं. बाकीच्या कामांना थोडी सवड असते, तिला आम्ही फ्लोट म्हणतो. खरं सांगितलं तर ते खरं उत्तर देतं.

रस्त्यावरची एक साधी बॉक्स मोरी घ्या. खोदाई, पीसीसी (तळाखालचं साधं काँक्रीट), तळाचा स्लॅब, भिंती, वरचा स्लॅब, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं), सेंट्रिंग काढणं, मग भराव. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं की साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटचं काँक्रीट कमीत कमी ७ दिवस ओलं ठेवा आणि कोरड्या कडक उन्हात १० दिवसांच्या खाली येऊ नका, आणि आपल्याकडे मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा १० दिवस धरायलाच पाहिजेत. आता मजुरांना रविवारची सुट्टी असेल, पण क्युरिंगला कसली सुट्टी? ते १० दिवस आठवड्याच्या ६ दिवसांच्या कॅलेंडरवर टाकले की सॉफ्टवेअर त्याचे ११ नाहीतर १२ दिवस करतं. म्हणून क्युरिंगला वेगळं ७ दिवसांचं कॅलेंडर लावायचं, पाच मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही.

आणि कॅलेंडरचंच निघालंय तर खान्देशचं कॅलेंडर टाका ना त्यात! सॉफ्टवेअर सोमवार ते शुक्रवार धरून बसतं, त्याला आखाजी (अक्षय्य तृतीया) माहीत नाही. आखाजीला साईटवर माणूस सापडत नाही, होळीच्या आधी आदिवासींचे भोंगऱ्या बाजार लागले की सातपुड्यातले पावरा-भिल्ल मजूर घरी जातात, श्रावणात कानबाईच्या सणाच्या वेळेस तेच, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला बाया निघून जातात. मे महिन्यात दुपारी १२ ते ४ काम बंदच ठेवावं लागतं, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणजे तिथे दिवसाचे तास कमी धरायचे. गिरणेच्या नाहीतर हतनूरच्या कालव्याला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की कालव्यातलं काम तितके दिवस उभं. हे सगळं दरवर्षी होतं, सगळ्यांना माहीत असतं, तरी मुदतवाढीच्या अर्जात 'मजुरांची टंचाई' हे कारण अचानक आल्यासारखं लिहितात.

भूसंपादन, विजेचे पोल हलवणं, पाण्याची लाईन, झाडं तोडायची परवानगी, ही कामं तर शेड्युलमधे नसतातच, कारण ती ठेकेदाराची नाहीत, सरकारी खात्यांची आहेत. पण अडतं तिथंच ना? ज्या खात्याकडे जे आहे ते तारखेसकट शेड्युलमधे पाहिजे आणि पुढच्या कामाला जोडलेलं पाहिजे, म्हणजे पोल दोन महिने हलला नाही तर शेवटची तारीख कुठे गेली ते सगळ्यांसमोर दिसेल, आणि ठेकेदाराला उगाच शिव्या बसणार नाहीत किंवा बसायच्या तिथे बसतील.

मंजूर झालेलं शेड्युल बेसलाईन, म्हणजे पुढे तुलना करायची मूळ प्रत, म्हणून सेव्ह करायचं, मग दर महिन्याला काय सुरू झालं, काय संपलं, उरलेल्या कामाला किती दिवस लागणार ते भरायचं आणि न झालेलं काम अपडेटच्या तारखेच्या पुढे ढकलायचं. हे अपडेट न करता नुसतं '८० टक्के काम पूर्ण' छापून येतं. पुलाचे गाळे सगळे झाले, खर्चाने ८० टक्के झाले, पण एका बाजूच्या ॲप्रोचची (जोडरस्त्याची) जमीनच मिळालेली नाही, तर त्या ८० टक्क्यांवरून बैलगाडी तरी जाईल का?

म्हणून माझी मागणी आहे की साईटवरच्या बोर्डावर कामाचं नाव, रक्कम, मुदत लिहितात तिथेच बेसलाईनची शेवटची तारीख, या महिन्याच्या अपडेटप्रमाणे येणारी शेवटची तारीख आणि सध्या अडलेलं काम कोणाकडे आहे हे तिन्ही लिहावं. आणि तुमच्या बातमीदारांना विनंती की किती टक्के झालं हे विचारू नका, शेवटचं अपडेट कोणत्या तारखेचं आहे ते विचारा आणि ते दाखवायला सांगा. सॉफ्टवेअर महाग आहे असं कोणी म्हणालं तर प्रोजेक्टलिब्रे फुकट मिळतं, गावातल्या मोरीला आणि पाटचारीला ते भरपूर झालं.

आपला,
एक प्लॅनिंग इंजिनिअर, जळगाव