केमोच्या सलाइनआधी यकृताचा रिपोर्ट पाहिला जावा

माननीय लोक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत लिहितो ते इंदूरच्या मराठी घरांतही वाचले जावे म्हणून.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी माझ्या वहिनींची केमो सुरू होती. चौथ्या फेरीनंतर त्यांच्या तळव्यांना रात्री अशी खाज सुटे की त्या फणीने खाजवत बसत. लघवी गडद झाली, तेव्हा आम्ही उन्हाळ्याला दोष देऊन उसाचा रस पाजत राहिलो. पाचव्या फेरीच्या दिवशी रुग्णालयात फक्त सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पाहून सलाइन लावले गेले. फाइलमधला यकृताचा रिपोर्ट दीड महिन्यापूर्वीचा होता. आठवड्याभरात डोळे पिवळे झाले आणि पुढचे उपचार थांबवावे लागले.

केमोच्या औषधांपैकी ऑक्सॅलिप्लॅटिनने यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते, इरिनोटेकॅनने यकृतात चरबी साठून सूज येऊ शकते, आणि यकृताच्या धमनीतून थेट सोडल्या जाणाऱ्या फ्लॉक्सुरिडिनने पित्तनलिका आकसू शकतात, कारण त्या नलिकांना रक्त त्याच धमनीतून मिळते. शिवाय इरिनोटेकॅन, पॅक्लिटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन ही औषधे बऱ्याच अंशी पित्तावाटेच शरीराबाहेर पडतात. ती वाट अडली असता नेहमीचा डोसही जास्तीचा ठरतो. नुसते एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) पाहून भागत नाही, कारण पित्तनलिकांच्या इजेत ते फारसे न वाढताही अल्कलाइन फॉस्फेटेज हे दुसरे एन्झाइम चढलेले असू शकते.

म्हणून विनंती अशी, की सरकारी व आयुष्मान योजनेतील प्रत्येक केमो डे-केअरमध्ये दर फेरीआधी बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पित्तातले पिवळे रंगद्रव्य), एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज मोफत तपासले जावे, आणि ते आकडे डॉक्टरांनी रुग्णाच्या कार्डावर सहीनिशी लिहिल्याखेरीज सलाइन लावू नये, असा लेखी आदेश आपण काढावा. ही तपासणी कुठल्याही साध्या लॅबमध्ये होते. अडते ते रिपोर्ट वेळेवर पाहण्यापाशी. पहिल्या फेरीआधी हिपॅटायटिस बीची तपासणीही सक्तीची असावी, कारण दबून असलेला हा विषाणू केमोने पुन्हा उसळू शकतो आणि 2018 पासूनच्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तिची मोफत सोय आहेच.

आणखी एक. केमो घेणाऱ्याच्या हाती हिंदीत छापलेला एक कागद द्यावा: खाज, गडद लघवी, पांढुरकी शौच, पिवळे डोळे दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यावे. आमच्या फाइलमध्ये बिलांचे बावीस कागद आहेत, हा नाही.

आपला,
रामबाग, इंदूर येथील एक रहिवासी