चेतकच्या पत्र्याला हात लावू नकोस

सांगली

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो पाहिले. पुण्यातल्या त्या गॅरेजमधल्या स्कूटर देखण्या आहेत, यात वाद नाही. लखलखीत रंग, नवं क्रोम, पांढरी शिलाई घातलेली सीट. आपली बजाज चेतक तिथे नेऊन तशीच करून घ्यायची आणि बाबांच्या सत्तरीला दारात आणून उभी करायची, ही तुझी कल्पना प्रेमाची आहे. पण माझं एवढं ऐक. इंजिन उघड, ब्रेक नवे घाल, वायरिंग सगळं बदल. पत्र्याला मात्र हात लावू नकोस. बाबा काही बोलणार नाहीत, तू हौसेनं ठरवलंयस म्हणून गप्प बसतील. म्हणून मी लिहितेय.

चेतक 1972 साली बाजारात आली, आणि पुढे कितीतरी वर्षं खिशात पैसे असूनही दुकानात जाऊन स्कूटर आणता येत नव्हती. नंबर लावायचा आणि वाट बघायची. आपल्या गाडीचा नंबर आजोबांनी लावला. गाडी हातात आली 1983 मध्ये, तोवर बाबा नोकरीला लागले होते. इतकी वाट बघून आलेली वस्तू एखादा भाग मोडला म्हणून कुणी टाकून देत नसे. त्या काळच्या गाड्यांवरची ठिगळं बघून तुम्हा मुलांना ओढगस्त आठवते. ती होतीच. पण ती गाडी रस्त्याकडेला बसून दुरुस्त करता येईल अशीच बांधलेली होती, हे मला जास्त मोलाचं वाटतं. चेतकचं मूळ इटलीच्या व्हेस्पात. 1946 साली व्हेस्पा आखणारे कोर्राडिनो द'अस्कानियो हे विमानांचे इंजिनिअर. पुढचं चाक त्यांनी एकाच बाजूनं धरलं, त्यामुळे पंक्चर झालं की नट काढून चाक सरळ बाहेर येतं आणि स्टेपनी चढते. आत वेगळी चौकटही नाही, वाकवलेला पत्रा हाच गाडीचा सांगाडा. त्यामुळे फुटबोर्डचा पत्रा सडला तर ते नुसतं दिसण्यापुरतं राहत नाही, गाडीच कमकुवत होते.

आपला सडला होता. आता येशील तेव्हा उजवीकडची रबरी पट्टी उचल आणि ब्रेकच्या पेडलजवळ बघ. आपली स्कूटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला. मग जुन्या पिंपाचा पत्रा घेतला, हातोडीनं ठोकत ठोकत त्याला फुटबोर्डचा बाक दिला, परत परत लावून बघितला, आणि गॅस वेल्डिंगनं पितळ वितळवून जोडला. निळ्या रंगात पितळेची ती पिवळी रेघ अजून दिसते. पत्रा खाली वळतो तिथे ती जरा जाड झालीय, कारण त्या कोपऱ्यात ज्योत नीट पोचत नाही. बाकी सगळीकडे एकसारखी आहे. हे काम त्यांनी दुकानाबाहेर उकिडवं बसून केलं, मी शेजारी उभी होते. तुझे गॅरेजवाले काय करणार? सगळं घासून काढणार, पुट्टी भरणार, प्रायमर मारणार, वर रंग फवारणार. मग कंपनीचा पत्रा कुठे संपतो आणि मिस्त्रींचा कुठे सुरू होतो ते कुणालाच कळणार नाही. मला ते कळायला हवंय. इतकं चांगलं काम रंगाखाली का गाडायचं?

सीटवरचं ठिगळ तुझ्या दप्तराच्या रेक्झिनचं आहे, ते मी दाभणानं शिवलंय. डावीकडच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळली ती बाबांनी. तिच्याखाली गिअरचे आकडे झाकले गेले, त्यामुळे आपल्या घरात प्रत्येक जण गिअर मनगटानं ओळखायला शिकला. तू पण.

टाकीच्या सांध्यावरचा डाग तर तुला माहीतच नसेल. मिरजेच्या पुढे गेल्यावर पेट्रोल ठिबकायला लागलं. बाबांनी टपरीवरून कपड्यांच्या साबणाची वडी घेतली, जरा मऊ केली आणि सांध्यात दाबून बसवली. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये नाही. तेवढ्यावर घरी आलो. दुसऱ्या दिवशी टाकी उतरवून रीतसर डाग दिला, कारण साबण हा घरी पोचण्यापुरता इलाज. घरी पोचल्यावर कुठलं काम पक्कं करायचं, हे बाबांना पक्कं कळतं. ब्रेकची केबल त्यांनी कधी तारेनं बांधली नाही. टायर गुळगुळीत झाला की पगार असो नसो, बदलला. तुझ्या कॉलेजात मुलं सुतळीनं सायलेन्सर बांधून, ब्रेक नसलेल्या गाड्या मिरवतात, त्याला मी या गाडीच्या पंगतीला बसवणार नाही.

आणि 2019 चा ऑगस्ट. तू तेव्हा बाहेर होतास. कृष्णेचं पाणी आपल्या जिन्याच्या पायऱ्या चढत आलं, चेतक खाली बुडालेली. पूर ओसरल्यावर गावभागात प्रत्येक गॅरेजच्या दारात चिखलानं माखलेल्या गाड्यांची रांग. मिस्त्रींनी सगळ्यांना आधी एकच गोष्ट बजावली, कुणी किक मारायची नाही. प्लग काढला, गाडी कलती करून पाणी काढलं, गिअरबॉक्सचं ऑईल सोडलं तर ते दूध घातलेल्या चहासारखं बाहेर आलं. रॉकेलनं धुतलं, परत ऑईल भरलं, परत सोडलं. मॅग्नेट उतरवून कॉइल वाळवली, पॉइंट पॉलिश पेपरनं घासले. स्वतःचं दुकान चिखलात असताना ते हे करत होते. गाडी चालू झाली तेव्हा बाबा काही न बोलता आत गेले आणि मिस्त्रींसाठी चहा टाकायला सांगितला. डिकी उघडलीस तर आत गाळाची रेघ दिसेल. ती मी मुद्दाम पुसलेली नाही.

हल्ली नव्या गाड्यांना खोटा गंज रंगवून घेतात म्हणे. तो मला आवडत नाही, कारण त्यामागे काहीच घडलेलं नसतं. उलट इटलीतले शौकीन मूळ रंगातली व्हेस्पा ओरखड्यांसकट राखतात, तिला नवी करू देत नाहीत. ते मला पटतं.

तुझे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून सांगते, ते कुठे लागतील. दोन्ही टायर 3.50-10 मापाचे, ट्यूबसकट. ब्रेक लायनर पुढचे-मागचे. गिअरच्या दोन्ही केबल, क्लच आणि ॲक्सिलरेटरची एकेक. हेडलाइटची वायर वरून सोलली गेलीय, तो पूर्ण संचच आण. इथे हा माल हल्ली पटकन मिळत नाही, पुण्यात जुन्या बाजारात विचार. नंबरप्लेट एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांनाही नवी, जास्त सुरक्षेची (HSRP) लागते, तिची नोंदणी तू ऑनलाइन कर आणि बसवण्याची तारीख तुझ्या सुट्टीतली घे. फुटबोर्डवर खालून गंजरोधक मारायला मिस्त्री तयार आहेत, पितळेच्या रेघेवर पारदर्शक लॅकर लावतो म्हणाले. त्यांना सोमवारी सुट्टी असते, तेव्हा शनिवारी रात्रीच्या गाडीने नीघ, म्हणजे रविवार अख्खा मिळेल. काम त्यांच्याच हातून होऊ दे, आणि तू शेजारी बसून पाने दे.

तुझी,
आई