सहलपत्रकातील ‘अ‍ॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ न दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या जूनमधील पश्चिम अमेरिका सहलीत मी आणि माझी आई होतो. आई ७४ वर्षांची आहे. शाळेत तिने वर्षानुवर्षे जीवशास्त्र शिकवले. इतरांपेक्षा महाग असूनही आपली सहल घेतली, ती पत्रकातील सहाव्या दिवसाच्या, कॅलिफोर्नियातल्या उंचच उंच रेडवूड झाडांमधून जाणाऱ्या रस्त्याबद्दलच्या एका ओळीसाठी: ‘अ‍ॅव्हेन्यू ऑफ द जायंट्समधून रमणीय प्रवास, फाउंडर्स ग्रोव्हमध्ये पायी फेरी.’

प्रत्यक्षात बस १०१ महामार्गावरून थेट युरेका शहराला गेली. विचारले तर टूर मॅनेजर म्हणाले, “उशीर झालाय, आणि झाडं तीच आहेत, खिडकीतून दिसतायत ना.” उशीर कशामुळे झाला? वाटेतल्या भेटवस्तूंच्या दुकानात आम्हाला ५५ मिनिटे थांबवले होते. मी वेळ लिहून ठेवली आहे.

आणि नाही, हे तेच नव्हे. अ‍ॅव्हेन्यू म्हणजे जुना १०१, हम्बोल्ट रेडवूड्स उद्यानातून ईल नदीच्या सोबतीने जाणारा सुमारे ५० किलोमीटरचा दुपदरी रस्ता. तिथे हजार-दोन हजार वर्षांची झाडे डांबराला खेटून उभी आहेत. फाउंडर्स ग्रोव्ह ही वृक्षराई तर महामार्गापासून काही मिनिटांवर. तिथे १९९१ च्या मार्चमध्ये कोसळलेला ‘डायरव्हिल जायंट’ हा रेडवूड वृक्ष आडवा पडला आहे. उभा असताना त्याची उंची सुमारे ११० मीटर होती. एवढ्या झाडाला सोटमूळ नसते, उथळ मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंतून त्याला धरून ठेवतात. हे आईला त्या उपटलेल्या बुंध्यापाशी उभे राहून पाहायचे होते. कोरड्या उन्हाळ्यात समुद्रावरच्या धुक्याचे पाणी पिणारी झाडे, त्यांच्या पायाशी आपल्या आंबुशीच्याच कुळातली पाने! महिनाभर ती मला हेच सांगत होती. बसमध्ये मात्र ती एक शब्दही बोलली नाही.

आपल्या शाखेने मला ‘कार्यक्रमात बदल होऊ शकतो’ ही अट दाखवली. दरड कोसळली असती, रस्ता बंद असता, तर मी तक्रार केलीच नसती. त्या दिवशी रस्ता सुरू होता आणि हवाही स्वच्छ होती.

दोघींचे सहाव्या दिवसाचे पैसे परत करावेत आणि हा निर्णय कोणी व का घेतला, ते लेखी कळवावे. पुढच्या सहलींत बस तिथे जाणार नसेल, तर ती ओळ पत्रकातून काढून टाकावी. आईच्या गुडघ्यांची अवस्था पाहता तिला पुन्हा तिथे नेणे मला शक्य होणार नाही.

सोबत सहलपत्रक, पावती आणि त्या दिवशीच्या वेळांची नोंद जोडली आहे. १५ दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.

आपली ग्राहक,
पुणे