पाहुणीचा एक प्रश्न

संपादक साहेब,

माझ्या मुलीची जर्मन मैत्रीण आठवडाभर आमच्याकडे डोंबिवलीला राहून गेली. गेटवे वगैरे बघितलं पण त्यावर फारसं बोललीच नाही, तिला वेड लागलं ते लोकलचं. लेडीज डब्यात तिघींच्या सीटवर चौथी कशी बसते, "कुठे उतरणार?" विचारून सीट आधीच कशी बुक होते, बायका पर्समधून मटार काढून सोलत काय बसतात, सगळं वहीत लिहून घेत होती. चर्चगेटला साडेअकराच्या सुमारास डबेवाले फुटपाथवर डबे लावत होते तिथून तर ती हलेचना, झाकणावरच्या रंगीत खुणा आणि आकड्यांवरून डबा बरोब्बर माणसापर्यंत पोचतो हे तिला पटेचना (मलाही ते गणित अजून नीट कळलेलं नाही, असो).

मी जरा फुशारकीने सांगितलं की १८५३ साली देशातली पहिली प्रवासी रेल्वे इथेच, बोरीबंदर ते ठाणे धावली. तर म्हणाली, मग दारं अजून का बंद होत नाहीत? एसी लोकलची होतात म्हटलं. "आणि बाकीच्यांची?"

कोणाकडे उत्तर असेल तर जरूर छापा, तिला कळवीन.

– एक वाचक, डोंबिवली