हा ओपन कुणाचा? – ताईंना आभाराचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात बॅग खांद्याला लावून तुम्ही निघालाच होतात, पण माझा पडलेला चेहरा बघून थांबलात. तेव्हा धड आभारही मानले नाहीत. माझ्यासारखं पायथनमधल्या सगळ्या इम्पोर्टचं (दुसरीकडचा कोड मागवणाऱ्या ओळींचं) एकच गाठोडं बांधून बसलेले आणखीही असतील, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

आमच्या पॅकेजात, म्हणजे पायथन कोडच्या संचात, अकरा फायली. प्रत्येकीच्या डोक्यावर नमपाय, पांडाज (आकडे आणि तक्ते हाताळणाऱ्या तयार लायब्ऱ्या) लिहायचा मला कंटाळा. सी भाषा शिकताना लागलेली हेडर फायलीची (सामाईक गोष्टी एका फायलीत ठेवायची) सवय, दुसरं काय! सगळे इम्पोर्ट 'कॉमन' नावाच्या एका फायलीत कोंबले आणि बाकी दहांत 'फ्रॉम कॉमन इम्पोर्ट स्टार', म्हणजे कॉमनमधलं सगळं घे. महिनाभर स्वतःवरच खूश होतो. मग एक दिवस साधी सीएसव्ही (तक्त्याची फाईल) उघडेना. फाईल उघडणाऱ्या ओपन फंक्शनला 'आर' (म्हणजे वाचायला) दिला, तर पायथन म्हणे पूर्णांक हवा. तीन तास मी फायलीचा पाथच (पत्ता) तपासत बसलो.

तुम्ही एवढंच विचारलंत, "हा ओपन कुणाचा?" प्रिंट केला तर नेहमीसारखंच 'बिल्ट-इन फंक्शन ओपन'. मग तुम्ही त्याचं मॉड्यूल, म्हणजे तो ज्या कोडमधून आला त्याचं नाव, छापायला लावलंत आणि पडद्यावर आलं 'पॉझिक्स'. कॉमनमध्ये मीच कधीतरी 'फ्रॉम ओएस इम्पोर्ट स्टार' लिहून ठेवलं होतं. ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणारं मॉड्यूल, पॉझिक्स त्याच्याच पोटातलं. ओएसच्या ओपनने रोजच्या ओपनची जागा बळकावली होती, आणि तीही दहा फायलींत. स्टार टाळा असं पेप ८ मध्ये, म्हणजे पायथन लिहिण्याच्या शैलीच्या नियमावलीत, आहे. मी ते वाचलेलंही होतं!

"पण दहा ठिकाणी इम्पोर्ट केलं तर नमपाय दहा वेळा लोड होणार ना?" या माझ्या प्रश्नावर तुम्ही हसलात नाहीत, त्याचे वेगळे आभार. दोन फायलींतून नमपायचा आयडी (ओळख क्रमांक) छापून दाखवलात, आकडा तोच. पायथन मॉड्यूल पहिल्यांदा चालवतो आणि सिस डॉट मॉड्यूल्स या हजेरीपटात नोंदवतो. पुढच्या वेळी नुसता तो हजेरीपट बघतो आणि त्या फायलीत नाव बांधून देतो. नाव ज्या त्या फायलीचं, म्हणून मागायचंही तिनेच. एका जागी लिहायची ती पॅकेजला लागणाऱ्या लायब्ऱ्यांची यादी, पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या प्रकल्पाच्या माहितीच्या फायलीत.

कॉमन काल उडवली. फायलीगणिक तीन-चार ओळी वाढल्या, बस. पांडाज तर चारच फायलींना लागत होता.

तुमची कर्जत लोकल मात्र माझ्यापायी चुकली, त्याबद्दल माफी.

तुमचा,
शेजारच्या टेबलावरचा