मागता तो कागद सरकारकडेच आहे

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : छोट्या उद्योगांचे परवाने, त्यांचं नूतनीकरण आणि त्याच त्या कागदांची दरवर्षी होणारी मागणी

महोदय,

सादर नमस्कार.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत भाड्याचा एक गाळा घेऊन मी मसाले आणि भाजणी करते, दिवाळीच्या सुमारास फराळही करते. सुरुवात सिडकोतल्या घरी, दोन शेगड्यांवर झाली. आज माझ्याबरोबर आठ बायका काम करतात. अंबडच्या मानानं हा उद्योग अगदी लहान आहे. पण राज्यात माझ्यासारखेच जास्त आहेत, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी एका परवान्याची मुदत संपत आली होती. मी महिनाभर आधी ऑनलाइन अर्ज केला, शुल्क भरलं, पावती आली. पंचविसाव्या दिवशी त्रुटी निघाली : गाळ्यावर थकबाकी नसल्याचा दाखला जोडा. गाळा माझा नाही आणि मालक पुण्याला राहतात. तो दाखला देणारं कार्यालय त्याच इमारतीत, एक जिना चढून वर. मी खालच्या टेबलावर विचारलं, वर विचारून खात्री करता येणार नाही का? "ताई, कागद अर्जदारानंच आणायचा असतो." मालकांकडून अधिकारपत्र मागवलं, वर अर्ज केला, दाखला घेतला आणि खाली आणून दिला. मधल्या काळात जुन्या परवान्याची मुदत संपली. परवान्याशिवाय माल बाहेर काढायचा नाही हे मी स्वतःशी ठरवलेलं होतं. दिवाळी तोंडावर असताना अकरा दिवस गाळा बंद राहिला. पुण्याच्या एका दुकानदारानं चकली आणि अनारशांची ऑर्डर दुसरीकडे दिली. तो पुन्हा माझ्याकडे आला नाही. त्या अकरा दिवसांची मी बायकांना अर्धी मजुरी दिली, कारण पूर्ण द्यायची माझी ऐपत नव्हती. ते अजून मनाला लागून आहे.

कार्यालयाचं नाव मी घेत नाही. टेबलामागे बसलेल्या माणसाशी माझं भांडण नाही. त्याच्या हातात कागदांची जी यादी दिली आहे, तिच्याशी आहे.

ती यादी एकदा आपण स्वतः वाचावी. आधार केंद्र सरकारचं, पॅन आयकर खात्याचं. वीजबिल महावितरणचं, म्हणजे सरकारी कंपनीचं. भाडेकरार दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला. उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लहान उद्योगाची केंद्राकडची नोंदणी, जीएसटी, व्यवसाय कराचा क्रमांक, वजनकाट्यावरचा वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का. माझ्या फाइलमधल्या जवळजवळ प्रत्येक कागदाची मूळ नोंद कुठल्या ना कुठल्या सरकारी दप्तरात आहे. एका खात्यानं दिलेला कागद मी दुसऱ्या खात्याला नेऊन दाखवते आणि त्याचा कागद घेऊन तिसऱ्याकडे जाते. आमच्या सातपूर-अंबडची रचनाही अशी, की भूखंड एमआयडीसीचा आणि वसाहत महापालिकेच्या हद्दीत. त्यामुळे दोन्हीकडच्या चकरा आल्याच. या दप्तरांनी एकमेकांशी बोलायचं की नाही, हा प्रश्न माझा नसायला हवा.

माझी पहिली मागणी एवढीच आहे : जो कागद शासनाच्या एका खात्यानं दिला आहे, तो दुसऱ्या खात्यानं अर्जदाराकडून मागू नये. आम्ही क्रमांक देऊ, पडताळणी त्यांनी करावी.

हे जमण्यासारखं आहे, कारण सरकारनं ते करून दाखवलेलं आहे. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली. आधार क्रमांक, स्वतःची घोषणा, एकही कागद जोडायचा नाही, शुल्क नाही. मी गाळ्यातल्या स्टुलावर बसून, पिठाचे हात पुसून, मोबाइलवर ती पूर्ण केली. गुमास्त्याचं, म्हणजे शॉप अॅक्टच्या नोंदणीचं, तसंच. १९४८ चा जुना कायदा जाऊन राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना देणं पुरेसं झालं. त्यानं दुकानं काही बुडाली नाहीत. त्याही आधी, २०१३ पर्यंत, नाशिकच्या वेशीवर जकात होती. नाक्यावर टेम्पो तासन्‌तास उभे असायचे, मिरचीची पोती उन्हात तापायची. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, पण महापालिका चालूच राहिली. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं चालत आली म्हणून ती लागतेच, असं नसतं.

पण सुधारणा वरून निघते आणि खालपर्यंत पोचत नाही, हेही मी पाहिलं. शॉप अॅक्टची ती ऑनलाइन पावती घेऊन कर्जासाठी एका बँकेत गेले. अधिकाऱ्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यावर सही-शिक्का कुठे आहे?" कायद्यानं सही-शिक्काच काढून टाकला आहे हे त्यांना पटवायला मला तीन फेऱ्या लागल्या. म्हणून शासन निर्णय काढला की काम झालं असं समजू नये. बँका, वीज कंपनी, तालुक्याची कार्यालयं, सगळ्यांच्या टेबलावर तो बदल जायला हवा.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण "परवाने कमी करा" म्हटलं की लोकांना वाटतं, या उद्योजकांना मोकाट सुटायचं आहे. मला तसं नको आहे. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या कारखान्याला लागलेल्या आगीचा धूर आम्ही नाशिककर विसरलेलो नाही. माझ्या गाळ्यात कढया आहेत, गॅस आहे, तेलाचे डबे आहेत, आणि आठ जणींची जबाबदारी माझ्यावर आहे. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं बी नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तो नियम राहू द्या. माझं म्हणणं असं, की तो कागद आला की फाइलला लागतो. सरकारचं कुणी येऊन माझी वायरिंग पाहत नाही. सिलिंडर कुठे ठेवलाय, दार बाहेर उघडतं की आत, बायकांना आग विझवायचं यंत्र चालवता येतं का, हे मला येऊन विचारा. सरकारी माणसाचा जो वेळ भाडेकराराची प्रत तपासण्यात जातो, तो इथे लागायला हवा.

भेसळीचंही तेच. मी गावरान मिरची देठ काढून दळते. बाजारात माझ्यापेक्षा निम्म्या भावात लालभडक पूड विकली जाते. तिच्यात काय असतं हे प्रयोगशाळेत गेल्याशिवाय कळणार नाही. पण विकणाऱ्याचे कागद पूर्ण असतात, कारण कागद पूर्ण करून देणारे एजंट आहेत. मलाही एकानं सांगितलं होतं, "ताई, कशाला हेलपाटे घालता? तीन हजार द्या, घरपोच देतो." सरकारी शुल्क त्याच्या एक दशांशसुद्धा नव्हतं. यादी जितकी लांब, तितकं एजंटाचं दुकान मोठं. मसाल्याचे नमुने बाजारातून न सांगता उचला, माझेही उचला. त्यानं माझं नुकसान होणार नाही, उलट रात्री झोप लागेल.

म्हणजे धोका कुठे आहे ते पाहून नियम हवेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१६ मध्ये उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे गट केले आणि पांढऱ्या गटातल्या ३६ प्रकारच्या उद्योगांनी संमतीपत्र न घेता फक्त कळवलं तरी चालेल असं ठरवलं. हा विचार प्रदूषणापुरता का ठेवायचा? रसायनांचा कारखाना आणि पापडाचा गाळा यांना एकाच दारातून नेण्यात कुणाचं भलं आहे?

नूतनीकरणाबद्दल थोडक्यात. जागा तीच, मालक तोच, यंत्रं तीच, तर दरवर्षी नवा अर्ज कशासाठी? शुल्क भरलं आणि "काहीही बदललेलं नाही" अशी घोषणा दिली की परवाना पुढे चालू राहावा. घोषणा खोटी निघाली तर जबर दंड करा.

आता मुदतीचा मुद्दा. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली नाही तर अपील करता येतं, दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे. पण त्रुटी काढली की दिवसांची मोजणी थांबते. एक त्रुटी दुरुस्त केली की दुसरी निघते. आणि ज्या टेबलासमोर पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहायचं आहे, त्याच टेबलाविरुद्ध अपील करायची हिंमत माझ्यासारखी बाई कुठून आणणार? म्हणून दोन गोष्टी करा. सगळ्या त्रुटी एकदाच, पहिल्या सात दिवसांत कळवायच्या. नंतर नवी काढायची नाही. आणि मुदत संपली की अपील आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावं, अर्जदाराला ते करावं लागू नये. जिथे धोका कमी आहे तिथे तर मुदतीनंतर परवानगी मिळाली असंच धरावं. बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल तर सोसायटीला मानीव अभिहस्तांतरण मिळतं. तशी मानीव मंजुरी लहान उद्योगालाही मिळायला हरकत नसावी.

वेळेचा हा हट्ट का, ते आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला विचारा. निफाड-पिंपळगावकडे द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये भरात असतात. भाव पडला की बेदाणा करायचा, तो तेव्हाच. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं बेदाण्याची शेड घातली, जाळ्या बांधल्या, प्रतवारीचं यंत्र आणलं आणि एका परवानगीसाठी अडकून बसले. ती मे महिन्यात आली. तोवर घड वेलीवरून उतरून मिळेल त्या भावात गेले होते. यंत्राचे हप्ते मात्र एप्रिलपासूनच सुरू झाले.

उद्योगांच्या परवानग्यांसाठी असलेल्या "मैत्री" कक्षासाठी २०२३ मध्ये राज्यानं वेगळा कायदाच केला, एक खिडकी केली. मोठ्या गुंतवणुकीसाठी तिचा उपयोग होत असेल. पण खिडकी एक झाली तरी तिच्यातून मागायचे कागद तेवढेच राहिले, तर आम्हाला फरक पडत नाही. आम्हाला आणखी एक पोर्टल आणि आणखी एक पासवर्ड नको आहे. केंद्रानं २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ४२ कायद्यांमधल्या १८३ तरतुदींमधली फौजदारी शिक्षेची भीती काढली किंवा कमी केली. त्यासाठी कुणीतरी बसून एकेक कलम वाचलं असेल. राज्यातल्या परवान्यांच्या अर्जांसोबतची एकेक यादी तशीच कुणीतरी बसून वाचावी आणि प्रत्येक कागदापुढे दोनच प्रश्न लिहावेत : यानं कुणाचं कोणतं नुकसान टळतं? आणि हा कागद शासनाकडे आधीच आहे का?

सगळ्या राज्यात एकदम जमत नसेल तर नाशिकपासून सुरुवात करा. सिंहस्थासाठी पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरला फराळाच्या, चहाच्या, पूजासाहित्याच्या तात्पुरत्या हजारो टपऱ्या लागतील. त्यांना परवाने द्यावे लागणारच आहेत. तिथे ही पद्धत वापरून पाहा : एक अर्ज, एक क्रमांक, आणि तपासणी प्रत्यक्ष टपरीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती आहे. तिच्या दर बैठकीत किती अर्ज मुदतीबाहेर पडून आहेत आणि कोणत्या कागदासाठी, याची खातेनिहाय यादी वाचली जावी आणि जिल्हा उद्योग केंद्राच्या फलकावर लागावी. त्याला फारसा खर्च नाही. आपण त्यातल्या एका बैठकीला यावं. आम्ही अंबड-सातपूरच्या दहा-बारा जणी आमच्या फाइली घेऊन येऊ. आपण त्या आमच्यासमोर चाळाव्यात आणि कोणता कागद लागतो, कोणता नाही, ते सांगावं.

माझ्या त्याच परवान्याची मुदत यंदा पुन्हा दिवाळीच्या आधी संपते आहे. मी आतापासूनच मालकांना पुण्याला फोन करून ठेवला आहे, अधिकारपत्र आणि थकबाकीच्या दाखल्यासाठी. वरच्या मजल्यावरून तो घेऊन खाली द्यायचा आहे. त्याआधी आपलं उत्तर आलं, तर तो फोन शेवटचा ठरेल.

आपली,
अंबड, नाशिक येथील एक लघुउद्योजिका